ठाणे-नवी मुंबईत नादारीचा अर्ज: काय मिळतं आणि काय मिळत नाही

घणसोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. तुर्भ्याच्या बाजारातून टेम्पोने माल पोचवण्याचा त्यांचा धंदा होता, एकट्याच्या नावावर. मोठं आजारपण आलं, गिऱ्हाईक तुटलं, धंदा बसला. घराचं कर्ज, टेम्पोचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं, ॲपवरून घेतलेली तीन कर्जं, पतसंस्थेचं कर्ज (त्याला मेव्हणा जामीन) आणि ओळखीच्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी उचललेले दोन लाख, असा सगळा बोजा आहे. ते विचारतात: "दिवाळखोरी जाहीर केली की सगळं सुटतं, असं एकाने सांगितलं. त्याचे तो पन्नास हजार मागतोय. घर जाईल का? तुरुंगात जावं लागेल का? बायकोच्या पगाराला हात लावतील का? आणि हे काम मुंबईला होतं की ठाण्याला?"

आधी त्या माणसाला पन्नास हजार देऊ नका. तो तुम्हाला जे विकतोय, ते कायद्यात नाही. मी ठाण्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते, आणि लोक जिला दिवाळखोरी म्हणतात त्या नादारीला 'कर्जमाफी' समजून आलेल्या माणसाची समजूत काढण्यातच पहिली भेट संपते. नादारीचा अर्ज हे संरक्षण आहे, पण त्याची किंमत म्हणून तुमची सगळी मिळकत कोर्टाच्या स्वाधीन करावी लागते. ही किंमत तुमच्या बाबतीत परवडते का, हा खरा प्रश्न आहे.

कोणता कायदा, यावर फार गोंधळ आहे. २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता सगळ्यांना ऐकून माहीत असते. तिच्यात सामान्य माणसासाठी तरतुदी आहेत, अगदी गरीब कर्जदाराला 'नव्याने सुरुवात' देण्याचीही आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत. पण तुमच्या-आमच्यासाठी हा भाग अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. म्हणजे रबाळे-महापेच्या एमआयडीसीत ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि बँकेत स्वतःच्या नावाने हमीपत्रावर सही केली आहे, अशांना. कंपनीविरुद्ध नादारीची कारवाई चालू असेल तर त्यांचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातं. अशी हमी देणारा या कायद्यातून सुटत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा 'कंपनी बुडाली, माझं काय' या भ्रमात त्यांनी राहू नये.

तुमचा धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर होता, त्यामुळे तुम्हाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू पडतो. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे आणि ते काम उच्च न्यायालयात चालतं. म्हणून मुलुंडचा माणूस आणि ठाण्यातल्या कोपरीचा माणूस यांचे कायदेही वेगळे आणि कोर्टंही वेगळी. घणसोली, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, तेव्हा तुमचं काम ठाणे जिल्हा न्यायालयाकडचं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल यांना लोक नवी मुंबईच म्हणतात, पण तो रायगड जिल्हा. तिथल्या माणसाने ठाण्यात अर्ज टाकला तर अधिकारक्षेत्रावरच अडतो. अर्ज जिथे तुम्ही नेहमी राहता, धंदा करता किंवा पोटासाठी काम करता तिथे करायचा असतो.

अर्ज करायला कर्ज किती लागतं? कायदा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्यात आकडा ५०० रुपयांचा आहे. तो कोणीही ओलांडतो. किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे द्या अशा दिवाणी कोर्टाच्या निकालात) तुम्हाला अटक झालेली असेल, वा मालमत्तेवर जप्ती चालू असेल, तरी अर्ज करता येतो. मुख्य गोष्ट म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत उरलेली नाही हे दाखवणं. सुनावणीत पहिल्या टप्प्यावर कोर्ट प्रथमदर्शनी खात्री मागतं, पण समोर बँकेचा वकील उभा असतो आणि तो तुमची बँक स्टेटमेंटं वाचून आलेला असतो.

इथेच मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. अर्जाचा जीव त्याला जोडलेल्या यादीत असतो. सगळे धनको, म्हणजे ज्यांचं देणं आहे ते, त्यांचे पत्ते, प्रत्येकाची रक्कम. आणि तुमची सगळी मिळकत, कुठे आहे, किंमत किती. यादी लिहायला बसलं की माणूस बँका आणि कार्डं भराभर सांगतो आणि थांबतो. मग एकेक विचारावं लागतं. भिशी उचलली आहे का? सोसायटीची वर्गणी थकली आहे का? साडूकडून हातउसने घेतलेत का? बायकोचे दागिने कुठे गहाण आहेत, आणि पावती कोणाच्या नावावर आहे? गावाकडे सातबाऱ्यावर नाव आहे का? या शेवटच्या प्रश्नावर हटकून उत्तर येतं, "ती वडिलांची आहे, माझी नाही." उतारा मागवला की वडील वारल्यावर झालेल्या फेरफारात चार भावंडांबरोबर यांचंही नाव निघतं. तो अविभक्त हिस्सा ही तुमची मिळकत आहे. वीस गुंठ्यांतला पाचवा हिस्सा असला तरी यादीत आला पाहिजे. वडिलांच्या नावावरच्या साडेबारा टक्क्यांच्या (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) प्लॉटमध्ये, ते हयात नसतील तर, वारस म्हणून येणाऱ्या हिश्शाचंही तसंच.

याच टप्प्यावर कोणीतरी शहाणा सल्ला देतो: भावाला हक्कसोडपत्र करून दे, घर बायकोला बक्षीसपत्राने देऊन टाक, मग अर्ज कर. कळकळीने सांगते, हे करू नका. मोबदला न घेता केलेलं हस्तांतर अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असेल तर रिसीव्हर (नादाराची मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) ते कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो. तुम्ही विनाकारण मुद्रांक शुल्क भरता, बायकोला आणि भावाला कज्ज्यात ओढता आणि कोर्टाच्या नजरेतून उतरता. मालमत्ता लपवली, खोटी नोंद केली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला मुद्दाम झुकतं माप दिलं, म्हणजे बाकी सगळे थकवून मेव्हणा जामीन असलेलं कर्ज तेवढं फेडलं, तर तीही फेड रद्द होऊ शकते. मेव्हण्याला वाचवायची तुमची ओढ मला समजते, पण या वाटेने तो वाचत नाही.

आता अर्ज टाकल्यावर काय होतं. लोकांना वाटतं, अर्जाचा नंबर पडला की वसुलीवाल्यांचे फोन बंद. तसं नाही. या जुन्या कायद्यात आपोआप मिळणारी स्थगिती नाही. अर्ज दाखल होतो, धनकोंना नोटिसा जातात, तारखा पडतात; हवा असेल तर हंगामी रिसीव्हर नेमता येतो. कोर्ट तुम्हाला नादार ठरवतं, त्या आदेशानंतर तुमची मिळकत कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि बिनतारणी धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा वेगळा आदेश मागून घ्यावा लागतो. नादार ठरवल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. चारचौघांत कळू नये अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. आणि सुटकेचा, म्हणजे उरलेल्या कर्जांतून मोकळं करणारा, आदेश मिळेपर्यंत जे नवीन मिळेल, अगदी वारशाने आलेलं, तेही रिसीव्हरकडे जातं.

सगळं मात्र घेत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जे जप्तीतून वगळलं आहे ते तुमच्याकडेच राहतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे स्त्रीने उतरवू नये असे दागिने म्हणजे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे, भविष्य निर्वाह निधी. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीची जप्ती वेगळी. म्हणजे पगार ३१ हजार धरला तर जास्तीत जास्त १० हजार जप्त होतात, आणि एका हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण चोवीस महिन्यांपलीकडे चालत नाही.

घर आणि टेम्पो या दोन्हींना नादारीचं कवच नाही. तारण घेतलेला धनको या कायद्याच्या बाहेर उभा असतो. तुम्ही नादार ठरलात तरी तो आपलं तारण विकू शकतो. गृहकर्जाचे हप्ते ९० दिवस थकले की खातं बुडीत धरतात, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. ती नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. नंतर बँक ताबा घेते, गरज पडली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं आणि त्यापायी घरं जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. समजा घर ६० लाखांचं आहे आणि कर्ज ३८ लाख उरलं आहे. तर बँकेच्या संमतीने, ताब्याची वेळ येण्याआधी, स्वतः गिऱ्हाईक शोधून विका. सिडकोच्या भाडेपट्ट्याचं घर असेल तर हस्तांतराच्या परवानगीला लागणारा वेळ आधीच धरा. लिलावात घाईची किंमत येते. तुम्ही विकलंत तर वरचे २२ लाख बाकीच्या कर्जांच्या तडजोडीला हाताशी राहतात. घरातल्यांना हे सांगणं किती जड जातं ते मी रोज पाहते. तरीही भाड्याच्या घरात बिनघोर झोप लागते, हे त्यातून गेलेली माणसंच येऊन सांगतात. टेम्पोचंही तेच: दडवून ठेवू नका, फायनान्स कंपनीशी लेखी बोलून विका. विकून जी तूट राहील ती बिनतारणी कर्ज होते.

नादार ठरल्यावर शेवटी सुटका मागायची असते, आणि ती कधी मागायची याची मुदत कोर्ट आदेशातच घालून देतं. मुदत चुकवली तर नादारीच रद्द होऊ शकते आणि पुन्हा अर्ज करायला कोर्टाची परवानगी लागते. सुटकेलाही अट आहे: तुमच्या मालमत्तेतून बिनतारणी कर्जाच्या रुपयामागे आठ आणे निघत नसतील तर कोर्ट बिनशर्त सुटका नाकारतं, जर ती परिस्थिती तुमच्या दोषाशिवाय ओढवली हे तुम्ही पटवून दिलं नाही तर. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुमचा धंदा आजारपणात बसला. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, त्या महिन्यांतली बाजारातली बिलबुकं, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं जपून ठेवा. हिशेबाच्या वह्या नसणं हेही सुटका अडवायचं एक कारण आहे, तेव्हा वहीत पेन्सिलीने लिहिलेलं असलं तरी टाकू नका.

सुटका मिळाल्यावरही सगळं पुसलं जात नाही. सरकारी देणी, म्हणजे आयकर, जीएसटी, तशीच राहतात. फसवणुकीने घेतलेलं कर्ज राहतं, बायको-मुलांच्या पोटगीचा आदेश राहतो. आणि जामीनदार सुटत नाही. पतसंस्था तुमच्या मेव्हण्याकडे आजही जाऊ शकते, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला दिवाणी दाव्याचीही गरज नसते; सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून ती थेट जप्तीला येते. तुमच्या कर्जांपैकी हे एक मी सर्वांत आधी मिटवायला घेईन. मेव्हण्याला सोबत घेऊन व्यवस्थापकाला भेटा, हप्ते पाडून मागा, जे ठरेल ते लेखी घ्या. अजून अर्ज केलेला नाही, तोवर ही मोकळीक तुम्हाला आहे; फक्त नंतरच्या तीन महिन्यांत अर्ज करावा लागला तर वर सांगितल्याप्रमाणे ती फेड रद्द होऊ शकते.

बायकोबद्दल. तिने कुठे सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर तिच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही. लग्नामुळे कर्ज वाटून येत नाही. फक्त गृहकर्जाच्या करारावर तिची सही आहे का ते बघा. नवी मुंबईत दोघांच्या नावाने घर घेतलेलं असतं आणि सही बहुधा असतेच. मुलांवर कर्ज येत नाही, वारशाने जे मिळेल तेवढ्यापुरतंच येतं.

तुरुंगाबद्दल. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत (अंमलबजावणीच्या अर्जात) अटक होऊ शकते, पण ऐपत असून बुडवतो आहे हे धनकोने दाखवावं लागतं. निव्वळ गरिबीसाठी कोठडी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच म्हटलं आहे. झाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे नसते आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. खरी भीती चेकची आहे. चेक परत गेल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस येते, मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट दंड. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परतला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तशीच तक्रार होऊ शकते. नादारीच्या अर्जाने ही प्रकरणं बंद पडत नाहीत, तडजोडीने मात्र कोणत्याही टप्प्यावर मिटतात. म्हणून आजपासून कोणालाही नवा चेक देऊ नका, कोरा तर नाहीच. आणि एका कार्डावरून काढून दुसऱ्याचं भरणं थांबवा. आता फेडणं शक्य नाही हे ठाऊक असताना घेतलेलं प्रत्येक नवं कर्ज पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होतं. नादार ठरल्यावर तर ते न सांगता पन्नास रुपयांचीही उधारी करणं गुन्हा आहे.

व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' येतं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये लाल अक्षरांत 'अंतिम सूचना', आणि पैसे भरायला एका माणसाचा यूपीआय. त्यावर कोर्टाचं नाव असतं, पण प्रकरणाचा क्रमांक नसतो किंवा खोटा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर ठाणे जिल्हा निवडून स्वतःचं नाव टाकून बघा. प्रकरण असेल तर सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांकासह दिसेल. लवादाची नोटीस मात्र दुर्लक्षू नका, ती ईमेलवर आली तरी. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो आणि त्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिन्यांची. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, नातेवाइकांना छळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. फोनच्या वेळा लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांचा मदत क्रमांक १४४४८.

पाच टक्केवाल्याचं वेगळं आहे. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्ट हुकूमनामा देत नाही. ओळखीत एकदाच दिलेले हातउसने म्हणजे धंदा नव्हे, पण तो बाजारात अनेकांना असेच देत असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. घरी येऊन धमकावत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. आजवर किती व्याज दिलं ते तारीखवार मांडा. मुद्दलाच्या वर कधीच गेलेलं असतं.

कार्डं आणि ॲपची कर्जं तडजोडीत मिटवताना रक्कम आणि मुदत लिहिलेलं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या, पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या हातात नाही. परतलेल्या चेकची तक्रार मागे घेण्याचा उल्लेख त्या पत्रात हवा. पुढे पत अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद राहील आणि काही वर्षं कर्ज मिळायला जड जाईल, हे मान्य करून सही करा. लोकअदालतीत तडजोड केलीत तर ती हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा.

तुमच्या माहितीवरून आज नादारीचा अर्ज करावा असं मला वाटत नाही. घर विकून वर पैसे उरणार असतील तर तडजोडीने तुम्ही बाहेर पडाल. घराला गिऱ्हाईक मिळालं नाही, विकूनही काही उरलं नाही आणि दोन-तीन दरखास्ती एकदम अंगावर आल्या, तर अर्ज योग्य ठरेल. तेव्हा वरची यादी तयार असली म्हणजे निम्मं काम झालेलं असेल. नोकरी धरलीत तर खासगी मालक केवळ नादारीवरून काढेल असा कायदा नाही. सरकारी नोकराने वरिष्ठांना कळवावं लागतं, आणि निवडणूक किंवा कंपनीचं संचालकपद सुटकेपर्यंत बंद.

वकील परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००. जाताना आधार, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येक कर्जाचा करार आणि ताजा उतारा, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटांसकट न्या. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का मुदत मोजायला लागतो.